मोटरहोमचे वायपर एकमेकांत अडकतायत

मंडळी, ओरेगॉनच्या किनाऱ्यावर आहोत, पाऊस थांबेना आणि आमच्या जुन्या क्लास ए मोटरहोमचा (बसएवढं फिरतं घर) डावा वायपर मागे राहतोय, मधोमध उजव्यात अडकतो. मोटर गेली का?

— दोन्हींना मोटर एकच असेल तर मोटर नाही हो, आर्म (वायपरचा दांडा) सरकलाय. वायपर पार्कला, म्हणजे थांबायच्या जागी, आणून बंद करा, आर्म हाताने हलवा, स्पिंडल (आर्म बसतो तो फिरता दांडू) जागेवर राहून आर्म फिरला की समजा नट ढिला. नट काढून आर्म आणि स्पिंडलचे दाते ब्रशने घासा, उजव्याच्या अंदाजाने बसवून आवळा.

— आर्मचे दाते झिजलेत तर कितीही आवळा, परत सुटणार, नवा आर्मच घ्या. लिंकेजचे (मोटरपासून वायपरपर्यंतच्या जोडदांड्यांचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या कड्या, त्याही बघा. आणि कोरड्या काचेवर चालवू नका राव!

— नट बोटाने फिरत होता! आवळला, चालतंय मस्त.