समुद्रावर, जहाजावरून पाहिलेली आतषबाजी : कोल्हापूरकरांचे अनुभव

कोल्हापूर परिसरातल्या माणसाला शोभेच्या दारूकामाचे कौतुक वेगळे सांगावे लागत नाही. दसऱ्याच्या रात्री तासगाव तालुक्यातल्या कवठेएकंदला सिद्धराज महाराजांच्या पालखीपुढे होणारे दारूकाम पाहायला आपल्याकडून माणसे हौसेने जातात आणि औट आकाशात किती वर जाऊन फुटला, यावर परतीच्या वाटेवर चर्चा करतात. अलीकडे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पर्यटन जहाजांवरून प्रवास केला आहे, आणि काही जण तर नोकरीमुळे वर्षातला मोठा काळ समुद्रावरच असतात. भर समुद्रात चालत्या जहाजावरून उडवलेल्या आतषबाजीबद्दल त्यांच्याशी बोलताना मला असे ठामपणे वाटू लागले, की तिथला आनंद शोभेच्या दारूइतकाच जहाज हाकणाऱ्यांच्या शिस्तीवर उभा असतो. म्हणून हा धागा. ‘फार सुंदर होते’ एवढ्यावर न थांबता वारा कुठून होता, धूर कुठे गेला, जहाजावर कोणती काळजी घेतली गेली आणि घरातल्या लहानथोरांना ते कसे सोसले, हे सर्वांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

राजारामपुरी, निवृत्त शिक्षिका

मुलगी आणि जावई अमेरिकेत असतात. त्यांच्यासोबत फ्लोरिडातल्या पोर्ट कॅनावेरल बंदरातून बहामा बेटांकडे जाणाऱ्या डिस्नेच्या जहाजावर प्रवास घडला. त्या जहाजांवर एक रात्र समुद्री चाच्यांच्या नावाने साजरी होते. लहान मुले डोक्याला फडकी बांधून फिरतात आणि रात्री उशिरा डेकवरच्या नाचगाण्याचा शेवट आतषबाजीने होतो. मला सर्वाधिक लक्षात राहिली ती तिच्या आधीची काही मिनिटे. जहाजाचा वेग मंदावल्याचे पायांखालच्या थरथरीवरून कळले, समोरून गालावर येणारा वारा हळूहळू डाव्या कानाशी येऊ लागला आणि चिमणीमागे असलेला चंद्र सावकाश सरकत कठड्याच्या वर आला. एवढे अवजड जहाज आपल्याला न सांगता वळत होते. जावयांनी समजावले, की धूर आणि जळके तुकडे प्रवाशांवर न येता समुद्राकडे जावेत, यासाठी कॅप्टन वाऱ्याचा अंदाज घेऊन जहाजाची दिशा ठरवतो.

पहिला गोळा फुटला तेव्हा आकाशापेक्षा माझे लक्ष पाण्याकडे गेले. आपल्या रंकाळा तलावावर दिव्यांची प्रतिबिंबे लांबट आणि स्थिर दिसतात. इथे प्रत्येक लाटेच्या माथ्यावर क्षणभर हिरवी किंवा सोनेरी रेघ उमटायची आणि दूरवर, नजर पोहोचेल तिथपर्यंत, समुद्राचा पृष्ठभाग किती खडबडीत आहे ते दिसून पुन्हा सगळे काळे व्हायचे. आजूबाजूला गाव नाही, रस्ता नाही, दुसरा दिवा नाही, म्हणून रंग अधिक गडद वाटले. खेळ थोड्याच मिनिटांचा होता आणि तो तेवढाच असावा, असे माझे मत आहे.

नागाळा पार्क, व्यापारी जहाजांवरील अधिकारी

ताईंनी डेकवरून पाहिले. मी ते दुसऱ्या जहाजाच्या ब्रिजवरून, म्हणजे जहाज हाकण्याच्या कक्षातून पाहिले आहे, आणि त्या बाजूचे चित्र बरेच वेगळे असते. कॅरिबियन समुद्रात आमचे तेलवाहू जहाज चालले होते आणि रात्रीचा वॉच, म्हणजे पहारा, माझ्याकडे होता. क्षितिजाच्या काठावर एकामागून एक झळाळ्या दिसू लागल्या. खाली जहाजाचे दिवे मात्र नव्हते, कारण पृथ्वीच्या वक्रतेमुळे जहाज क्षितिजाखाली राहते आणि वर फुटलेला गोळा तेवढा दिसतो. सुमारे १५० मीटर उंचीवर फुटलेला गोळा आणि पाण्यापासून ३० मीटर उंच ब्रिजवर उभा असलेला माणूस, यांच्यात हवा स्वच्छ असल्यास ६० किलोमीटरच्या आसपास अंतर असू शकते. आवाज पोहोचत नाही, संगीत पोहोचत नाही. पोहोचतो तो फक्त उजेड, आणि समुद्रावर आकाशातल्या उजेडाला अर्थ असतो.

जहाजांची टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांच्या चौथ्या परिशिष्टात संकटाच्या खुणा दिल्या आहेत. थोड्या थोड्या वेळाने एकेक करून सोडलेले लाल ताऱ्यांचे रॉकेट आणि लाल पॅराशूट फ्लेअर या त्यांपैकीच आहेत. प्रत्येक जहाजावर ठेवावे लागणारे पॅराशूट रॉकेट किमान ३०० मीटर उंच जाते आणि किमान ४० सेकंद लाल उजेड देत सावकाश खाली येते. संकट नसताना अशा खुणा वापरण्यास किंवा त्यांच्याशी गल्लत होईल असे काही दाखवण्यास त्याच परिशिष्टात मनाई आहे. म्हणून त्या रात्री मी आधी रंग पाहिले. हिरवा, पांढरा, जांभळा असे मिश्रण झपाट्याने येत होते, ही दिलाशाची बाब होती. तरीही एआयएसवर, म्हणजे आसपासची जहाजे दाखवणाऱ्या यंत्रणेवर, त्या दिशेला कोणते जहाज आहे ते तपासले आणि व्हीएचएफ रेडिओच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर विचारणा केली. पलीकडून लगेच, अत्यंत अदबीने उत्तर आले, की हे प्रवासी जहाज असून नियोजित आतषबाजी सुरू आहे.

ही विचारणा अनावश्यक वाटू शकते. परंतु १९१२ च्या एप्रिलमध्ये टायटॅनिकवरून पांढरी रॉकेट्स सोडली गेली, ती ‘कॅलिफोर्नियन’ जहाजावरच्या वॉचवरील माणसांनी पाहिली, आणि तरी त्यांनी झोपलेल्या रेडिओ चालकाला उठवले नाही, हे आमच्या पेशातल्या प्रत्येकाला शिकवले जाते. समुद्रावर उजेड दिसला आणि खात्री केली नाही, असे होऊ द्यायचे नसते. प्रवाशांनी टाळ्या वाजवाव्यात, त्यांचा तो हक्कच आहे; त्याच वेळी आसपासच्या जहाजांवर कुणीतरी तो उजेड वाचत असते, एवढे त्यांना ठाऊक असावे, असे मला मनापासून वाटते.

(या अनुभवानंतर एक-दोघांनी विचारले, की मग आतषबाजीत लाल रंग वापरतच नाहीत का. वापरतात, अडचण आहे ती एकटे, संथ, लाल तारे सोडण्याची. अनेक रंगांचा वेगवान खेळ आणि आसपासच्या जहाजांना दिलेली पूर्वसूचना यांमुळे गल्लत टळते, असे साहेबांनी कळवले आहे.)

शिरोली एमआयडीसी, फाउंड्री व्यावसायिक

आमचा प्रवास पोर्तुगालच्या मदेरा बेटाकडे होता आणि ३१ डिसेंबरच्या रात्री जहाज फुंशाल शहरासमोरच्या उपसागरात नांगर टाकून उभे होते. तिथे त्या रात्री अनेक पर्यटन जहाजे मुद्दाम जमतात. इथे आतषबाजी जहाजावरून होत नाही. शहराच्या उतारांवरून आणि समुद्रातून होते आणि जहाजावरचे लोक तिचे प्रेक्षक असतात. २००६ साली गिनीजने तिची जगातील सर्वांत मोठी आतषबाजी म्हणून नोंद केली होती. बारा वाजताच सर्व जहाजांनी एकदम भोंगे वाजवले, ते छातीत जाणवले. डोंगराने वेढलेल्या शहरातून प्रत्येक बाराचा आवाज प्रतिध्वनीसह येत होता, आणि प्रकाश आधी, आवाज मागाहून, कारण ध्वनीला एक किलोमीटर कापायला जवळजवळ तीन सेकंद लागतात. उघड्या समुद्रात प्रतिध्वनी देणारे काहीच नसते. तिथे बार कोरडा वाजतो आणि संपतो. पन्हाळ्याच्या पायथ्याशी लग्नातले बार ऐकलेल्यांना हा फरक ताबडतोब कळेल.

धंद्यामुळे माझे लक्ष रंगांकडे जाते. लाल रंग स्ट्रॉन्शियमचा, हिरवा बेरियमचा, पिवळा सोडियमचा आणि निळा तांब्याचा. निळा सर्वांत अवघड, कारण ज्वाला फार तापली की तांब्याचे रंग देणारे संयुग टिकत नाही. खारट, दमट हवेत हे साहित्य कोरडे राखणे हे जहाजावरच्या लोकांचे मोठे काम असणार. दारूत सोडियम नायट्रेटऐवजी पोटॅशियम नायट्रेट म्हणजे सोरा वापरतात, त्यामागेही पहिले हवेतील ओलावा शोषते हेच कारण आहे. फुंशालला मला स्वच्छ निळा दिसला आणि तो बनवणाऱ्याला मनोमन हात जोडले.

शुक्रवार पेठ, गृहिणी

आम्ही मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर गेलो होतो. दिवाळीचे दिवस असल्याने आतषबाजी असेल अशी मुलांची समजूत होती; ती नव्हती, डेकवर दिवे आणि संगीत होते. धाकट्याने कपड्यांत ठेवलेल्या फुलबाज्या बंदरावरच्या सामान तपासणीत निघाल्या आणि त्या तिथेच काढून घेतल्या गेल्या. तो रडला, पण तिथल्या ताईंनी त्याच्याशी खाली वाकून, शांतपणे बोलून समजावले, की चारी बाजूंनी पाणी असले तरी जहाजावरची आग ही सर्वांत भीतीची गोष्ट असते, कारण तिथून पळून जायला जागा नसते. फटाक्याचा कोणताही प्रकार सामानात नेऊ नये, हे जाणाऱ्यांनी मुलांना घरूनच सांगावे.

शिवाजी विद्यापीठ परिसर, प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी

४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन आपल्या जवळच, मालवण-तारकर्लीला साजरा झाला, तेव्हा आम्ही घाट उतरून गेलो होतो. अंधार पडल्यावर नांगरलेल्या युद्धनौकांच्या कडा दिव्यांनी उजळल्या आणि काळ्या समुद्रावर नुसत्या रेषांनी काढलेली जहाजे दिसू लागली. धूर नाही, कचरा नाही, आणि किनाऱ्यावरची गर्दी तरीही भारावलेली. जहाजावरच्या आतषबाजीबद्दल माझा आक्षेप तिथूनच आहे. गोळ्याचे पुठ्ठे, कागद आणि प्लॅस्टिकच्या टोप्या शेवटी खाली येतात, आणि वारा समुद्राकडे घ्यायचा याचा अर्थ ते पाण्यात पडतात. जहाजांवरून समुद्रात प्लॅस्टिक टाकण्यास मार्पोल या जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टानुसार पूर्ण बंदी आहे. म्हणून गोळ्याच्या वेष्टनात प्लॅस्टिक नसेल, हे पाहणे कंपन्यांचे कर्तव्य ठरते आणि तिकीट काढताना ते विचारणे आपले. रात्री स्थलांतर करणारे पक्षी जहाजांच्या उजेडाकडे ओढले जातात, हेही अभ्यासातून माहीत झालेले आहे; त्यांच्या हंगामात हा खेळ टाळता आला तर बरे.

उचगाव, नोकरदार

विद्यार्थिनीचे म्हणणे मला पटते. माझा अनुभव मात्र घरातल्या एका गरजेचा आहे. माझा मुलगा स्वमग्न आहे आणि अचानक होणारा मोठा आवाज त्याला सहन होत नाही. परदेशातल्या जहाजावर चढल्याबरोबर मी स्वागतकक्षात आतषबाजीची वेळ आणि ती कोणत्या बाजूने होईल, हे विचारून घेतले. त्यांनी वेळ लिहून दिली, वारा वाढल्यास कार्यक्रम रद्द होऊ शकतो हे सांगितले, आणि आमची केबिन विरुद्ध बाजूला असल्याची खात्री करून दिली. त्या रात्री पत्नी मोठ्या मुलीला घेऊन डेकवर गेली आणि आम्ही दोघे केबिनमध्ये, त्याच्या कानांवर आवाज अडवणारे हेडफोन लावून बसलो. आतषबाजीचा प्रकाश आमच्या बाजूच्या पाण्यावरही पडत होता. मुलगा काचेला नाक लावून पाण्याकडे पाहत राहिला आणि प्रत्येक रंगाचे नाव मोठ्याने घेत गेला. ज्यांच्या घरी असे मूल आहे, किंवा दम्याचे, हृदयविकाराचे वडीलधारे आहेत, त्यांनी हे दोन प्रश्न पहिल्याच दिवशी विचारून ठेवावेत. केबिन निवडतानाच विचारता आले तर आणखी चांगले.