आफ्रिकेत गेलेला लॉट केरी : डॉक्टर, कंपाउंडर की बोगस?

प्रश्न – मेडिकलवाला, सांगली
गणपती पेठेत माझं औषधाचं दुकान आहे. मुलगी डी. फार्म.ला. वर्गात दहा मिनिटं बोलायचंय म्हणून तिनं लॉट केरी शोधून काढला. अमेरिकेतल्या व्हर्जिनियातला कृष्णवर्णीय, जन्मानं गुलाम, रिचमंडच्या तंबाखूच्या वखारीत कामाला. १८१३ साली ८५० डॉलर मोजून त्यानं स्वतःला आणि दोन मुलांना सोडवलं. १८२१ मध्ये बाप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाचा मिशनरी म्हणून आफ्रिकेला निघाला आणि पुढं मन्रोव्हियात, म्हणजे अमेरिकेतून आलेल्या कृष्णवर्णीयांच्या वसाहतीत (आता लायबेरियाची राजधानी), लोकांना औषध देऊ लागला. ना पदवी, ना लायसन. कन्या म्हणते, "पप्पा, आजच्या कायद्यानं हा बोगसच की!" मला पटेना, पण उत्तरही सुचेना. जाणकारांनी सांगावं.

उत्तर – निपाणीकर (सध्या मिरज)
औषधातलं मला कळत नाही, तंबाखूतलं कळतं. वखारीत सांडलेला चुरा विकून पैसे ठेवायची त्याला मुभा होती, त्यातून बरीच रक्कम जमली, थोडा हातभार व्यापाऱ्यांनी लावला. आमच्या आजोबांच्या वखारीत झाडलोटीचा चुरा कुणी न्यायचा यावरून बायकांची जुंपायची, म्हणून सांगतो, मूठ-मूठ चुऱ्यातून पैसा उभा करणं म्हणजे काय ते. शिवाय तंबाखूचं कुठलं पिंप कुठं आहे ते केरी बरोबर सांगायचा. मोठेपणी लिहा-वाचायला शिकलेला माणूस हा. असल्याच्या हातात औषधाचं माप चुकायचं नाही.

उत्तर – जुना कंपाउंडर, सातारा
मेडिकलवाले, मुलीला सांगा, बोगस तो, जो शेजारी खरा डॉक्टर असताना पाटी लावतो. तिथं होतं कोण? वसाहतीचा डॉक्टरच आजारी पडून अमेरिकेला परतला. जहाजातून उतरलेला माणूस काही दिवसांत हिवतापानं आडवा व्हायचा, कैक दगावायचे. केरीची दुसरी बायकोही आफ्रिकेत उतरल्यावर फ्रीटाउनला वारली. डास कारण आहे हे कळायला अजून सत्तर-पंचाहत्तर वर्षं होती. सिंकोना झाडाच्या सालीतून कोयनेल (हिवतापाचं औषध, क्विनीन) वेगळं निघालं ते १८२० साली, पॅरिसमध्ये. केरी आजाऱ्यांच्या उशाशी बसून शिकला.

मीही तसाच शिकलो. ६८ साली डॉक्टरांकडं लागलो तेव्हा काम एकच, बाटल्या विसळणं. मग मिक्श्चर. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवायची, तिला कात्रीनं खाचा, एक खाच म्हणजे एक डोस. पहिल्या आठवड्यात सहाच्या जागी पाच खाचा पाडल्या. डॉक्टर ओरडले नाहीत, बाटली माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "आता सांग, पेशंटनं किती प्यायचं?" कोयनेलची कडू चव तर अजून जिभेवर आहे. तेव्हा केरीला कंपाउंडर म्हणा की, त्यात कमीपणा कसला?

उत्तर – कृष्णाकाठ
खरा दुकानवाला हवा असेल तर जेम्स मॅक्यून स्मिथ घ्या. तोही कृष्णवर्णीय, अमेरिकेत कॉलेजची दारं बंद, म्हणून ग्लासगोला जाऊन १८३७ मध्ये एम. डी. झाला. न्यूयॉर्कला परतून दवाखाना आणि औषधाचं दुकान काढलं. कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत धाडायच्या योजनेला त्याचा कडवा विरोध, आमचा देश हाच म्हणायचा. मला तोच पटतो. मन्रोव्हियाची जमीन तिथल्या राजाच्या डोक्याला पिस्तूल लावून घेतलेली होती, हेही मुलीनं सांगावं. केरीचा जीव गेला तोही तिथल्या लोकांशी लढायच्या तयारीत. १८२८ च्या नोव्हेंबरात काडतुसं भरताना मेणबत्ती कलंडली आणि बंदुकीच्या दारूनं पेट घेतला.

मेडिकलवाला, सांगली
कृष्णाकाठ, पिस्तुलाचं तिनं लिहून घेतलंय. पण माणूस केरीच ठेवणार म्हणते, 'बोगस' तेवढं खोडलं. कंपाउंडर काका, तसली पट्टीची बाटली तुमच्याकडं आहे का अजून? तिला वर्गात दाखवायचीय. रविवारी साताऱ्याला येतोय, नेऊन परत आणून देईन.

जुना कंपाउंडर, सातारा
बाटली आहे. पट्टी नवी लावावी लागेल. कात्री मुलीच्याच हातात देतो, घेऊन या तिला.