गॅस काढून नुसतं इंडक्शन? नको

गुहागरच्या घरात गॅस काढून फक्त इंडक्शन ठेवायचं का, असं एकाने विचारलंय. माझं मत: ठेवू नका.

इंडक्शन वाईट नाही, चहा-दुधाला झकास. बिडाचा तवाही चालतो, फक्त बूड सपाट हवं, आणि घावन्यांचे जुने तवे बरेचदा खोलगट असतात. पण मातीचं भांडं चालत नाही, म्हणजे बांगड्याचं तिखलं गेलं. तांदळाची भाकरी आचेवर फुगवणार कुठे? आणि आपल्याकडे पावसाळ्यात वीज किती टिकते, हे मी काय सांगू!

जोडीला घ्यायचंच तर २००० वॅटच्या शेगडीला जवळपास ९ अँपिअर लागतात. साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर लावू नका, १६ अँपिअरचा पॉइंट काढून घ्या.

गॅसची शेगडी निवडताना खाऱ्या हवेचा विचार आधी. रंग दिलेला पत्रा खरचटला की तिथून गंज धरतो. दुकानात शेगडी उलटी करून खालची बाजू बघा; विक्रेता वैतागला तर वैतागू दे. स्टील शक्यतो ३०४ ग्रेडचं, म्हणजे सहसा न गंजणारं, बर्नर पितळी. काचेची पुसायला सोपी, पण तापलेल्या काचेवर गार पाणी सांडलं तर तडकू शकते.

तीन बर्नरची घेताना मोठी कढई आणि कुकर शेजारी-शेजारी मावतात का ते बघा. नाहीतर तिसरा बर्नर शोभेचा. आयएसआय खूण हवीच, आणि जुनी नळी नव्या शेगडीला लावू नका.