'क्रंच'ला मराठीत काय म्हणायचं?

अर्धविराम
'सायबरपंक २०७७' हा व्हिडिओ गेम बनवणाऱ्या वॉर्साच्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. गेम वेळेत पुरा व्हावा म्हणून महिनोन्‌महिने जादा तास काम चालतं, त्याला त्या धंद्यात 'क्रंच' म्हणतात. कंपनीने २०१९ मध्ये सांगितलं होतं, सक्तीचा क्रंच करणार नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सहा दिवसांचा आठवडा सक्तीचा केला. मी 'क्रंच'ला 'वेठबिगारी' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'कामाची घाई' केलं. घाई लग्नघरातही असते. महिनोन्‌महिने चालते तिला घाई कसं म्हणायचं?

खेळगडी
संपादकांचं बरोबर आहे. या गेमसाठी मी वर्षभर थांबलो होतो: आधी एप्रिल, मग सप्टेंबर, मग नोव्हेंबर, शेवटी १० डिसेंबर. सहाव्या दिवसाचा मोबदला पोलंडच्या कायद्याप्रमाणे मिळणार होता आणि वर वार्षिक नफ्यातला दहा टक्के हिस्साही वाटला जाणार होता. यात वेठबिगार कुठे आला? ही माणसं आवडीने झोकून देतात. 'रात्रीचा दिवस करणे' आहेच की आपल्याकडे.

अर्धविराम
रात्रीचा दिवस माणूस स्वतः करतो. इथे त्याच्याकडून करवून घेतला जातो. राबणे आणि राबवणे यांत जो फरक आहे, तोच मला शब्दात हवा आहे. 'आवडीने' म्हटलं की राबवणारा वाक्यातून नाहीसा होतो. आवडच असती, तर जानेवारी २०१० मध्ये रॉकस्टार या गेम कंपनीच्या सॅन डिएगो स्टुडिओतल्या कर्मचाऱ्यांच्या बायकांनी जाहीर पत्र कशाला लिहिलं असतं?

गिरणगाव
माझे वडील गिरणीत होते. आमच्या चाळीत 'डबल पाळी' म्हणत. 'आज डबल आहे' म्हटलं की आई डबा पाठवायची. पण तिचे पैसे मिळायचे. कारखाने अधिनियम १९४८, कलम ५९, जादा कामाला दुप्पट मजुरी. गेमवाल्यांचं भांडण तिथूनच पेटलं. २००४ मध्ये ईए या अमेरिकन गेम कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याच्या जोडीदाराने निनावी लिहिलेलं जगभर वाचलं गेलं. पुढे कलाकारांचा दावा १ कोटी ५६ लाख डॉलरना मिटला आणि प्रोग्रामरांचा १ कोटी ४९ लाखांना. दावे जादा तासांच्या पैशांचेच होते. म्हणून 'बिनपगारी जादा पाळी' म्हणा.

पाटीपेन्सिल
तीन शब्दांचं काम एका शब्दात होतं. 'वेठ' हा संस्कृत 'विष्टि'पासून आलेला आपला शब्द आहे, 'बिगार' फारसी. दोन्हींचा अर्थ एकच. बिगार काढून टाका आणि 'वेठ' ठेवा. 'वेठीस धरणे' सगळ्यांना कळतं.

गिरणगाव
कळतं, पण उलटं. वर्तमानपत्रात 'वेठीस धरणे' कधी येतं ते पाहा: 'संपकऱ्यांनी प्रवाशांना वेठीस धरले.' मालकाने कामगाराला वेठीस धरलं असं शेवटचं कधी वाचलंत? १९८२ च्या संपानंतर हा शब्द आमच्याच लोकांवर उगारलेला ऐकत मी मोठा झालो. तो मला नको.

माजलगाव
वेठबिगारी तर मुळीच नको. १९७६ च्या कायद्याने बंद झालेली ती प्रथा आहे. घेतलेल्या पैशापायी माणूस बांधला जातो, ती वेठबिगारी. आमच्याकडे आजही मुकादमाकडून उचल घेऊन नवरा-बायको ऊसतोडीला जातात, त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात आणि एक दिवस आजारी पडलं की 'खाडा' म्हणून पैसे कापतात. एसीत बसणाऱ्याला हा शब्द दिला, तर यांच्यासाठी काय उरेल?

बगशोधक
पुण्यात एका स्टुडिओत मी तीन वर्षं टेस्टर होतो. 'क्रंच' कोणी म्हणत नसे. 'रिलीज आहे' एवढंच. घरी फोन करून 'रिलीज आहे गं' म्हटलं की आई जेवायला वाट पाहायची नाही. धाकटीच्या साखरपुड्याला मी संध्याकाळी सातला पोचलो, तेव्हा पंगती उठल्या होत्या. खेळगडी, मला गेमची आवड होती, अजून आहे. म्हणून तर 'नाही' म्हणता आलं नाही.

खेळगडी
हे वाचून वाईट वाटलं. ऑक्टोबर २०२० मध्ये तारीख पुढे गेली, तेव्हा काहींनी तिथल्या डेव्हलपरना जिवे मारायच्या धमक्या दिल्या होत्या. तसल्यांना मी चाहते म्हणत नाही. पण मलाही वाट पाहवत नव्हती, हे खरं.

काहील
आमच्या कोल्हापूरकडचा शब्द घ्या: चरक. 'चरकात घालणे.' गुऱ्हाळ लागलं की काहील उतरेपर्यंत कुणाला झोप नाही. ऊस एकदा चरकातून गेला की उरतं ते चिपाड, आणि तेच वाळवून चुलवाणात घालतात. पुढचा रस त्याच्याच जाळावर शिजतो. गेमवाल्यांचं याहून वेगळं काय होतं?

पाटीपेन्सिल
उत्तम! अस्सल मराठी मातीतला शब्द.

गिरणगाव
चरक फारसी आहे. 'चर्ख' म्हणजे चाक. चरखा त्यातूनच आला.

पाटीपेन्सिल
'चर्ख' आणि 'चक्र' एकाच कुळातले. म्हणजे घरचाच झाला.

गिरणगाव
त्या न्यायाने बिगारही घरचा. मघाशी त्याला हाकललंत.

अर्धविराम
चरक आवडला, पण 'सक्तीचा चरक करणार नाही' हे वाक्य बसत नाही. क्रियापद काय घेऊ?

माजलगाव
काहील, आमच्याकडे जाळायला पाचट म्हणतात.

काहील
पाचट म्हणजे उसाची वाळली पानं, ती चरकात जातच नाहीत. रस काढून उरतं ते चिपाड.

माजलगाव
आमच्या आजीच्या तोंडी दोन्हीला पाचटच होतं.