पावसाच्या पाण्याची तपासणी: दर सात दिवसांनी की पावसागणिक?

प्रश्न (वेर्णे, गोवा)
वेर्णे पठारावरील एका कारखान्याच्या बांधकामावर मी साईट इंजिनिअर आहे. मालक कंपनी अमेरिकन असल्यामुळे तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या २०२२ च्या बांधकाम परवान्याप्रमाणे, पावसाच्या पाण्याबरोबर गाळ वाहून जाऊ नये म्हणून केलेल्या उपायांची तपासणी करण्याची अट करारात आहे. त्यात दोन पर्याय दिले आहेत: दर सात दिवसांनी एक तपासणी; किंवा दर चौदा दिवसांनी एक आणि त्याखेरीज चोवीस तासांत पाव इंच, म्हणजे ६.३५ मिलिमीटर, पाऊस झाल्यास पुढील चोवीस तासांत आणखी एक. आपल्याकडे जुलैत एवढा पाऊस न पडलेला दिवस शोधावा लागतो. मग दुसरा पर्याय घेतल्यास रोजच तपासणी करावी लागेल का? जागा उतारावर असून खाली व्हाळ (ओढा) आणि भातशेती आहे.

उत्तर १ (मडगाव)
आपण सात दिवसांचाच पर्याय घ्यावा. वार ठरलेला राहतो आणि पर्जन्यमापकाच्या नोंदींवरून वाद होत नाहीत. अहवाल मात्र तपासणीनंतर चोवीस तासांत पूर्ण करावा लागतो. पायाच्या खड्ड्यातील पाणी पंपाने बाहेर सोडत असाल, तर ते सोडण्याच्या प्रत्येक दिवशी वेगळी तपासणी आहे. हे कलम बहुतेकांच्या नजरेतून सुटते.

उत्तर २ (फोंडा)
सात दिवसांचा पर्याय मान्य आहे, परंतु प्रश्नातील रोजच्या तपासणीच्या समजुतीत थोडी दुरुस्ती हवी. पाऊस सलग अनेक दिवस चालला, तर दुसऱ्या पर्यायातही रोज तपासणी लागत नाही; पहिल्या दिवसानंतर चोवीस तासांत एक आणि पाव इंच वा अधिक पाऊस झालेल्या शेवटच्या दिवसानंतर चोवीस तासांत एक, एवढ्या दोनच पुरतात. आपल्याकडे आठवडाभर झड लागते, तेव्हा नेमका हाच धोका आहे, कारण मधल्या दिवसांत गाळ अडवणारे कापडी कुंपण आडवे झाले तरी कागदोपत्री नियम पाळलेलाच राहतो. कुंपणाच्या जमिनीवरील उंचीच्या निम्म्यापर्यंत गाळ साचण्यापूर्वी तो काढावा, असेही त्या परवान्यात आहे, आणि लाल मातीच्या उतारावर त्यासाठी आठवडा थांबता येईलच असे नाही. शिवाय जांभ्याच्या कातळात कुंपणाचे खुंट नीट रुतत नाहीत आणि कापडाची खालची कड पुरण्यासाठी चरही खणता येत नाही. तेथे मी खडीच्या गोण्या एकमेकींना चिकटवून रचतो.

आणखी एक गोष्ट: अमेरिकेतील परवाना येथे केवळ करारामुळे लागू होतो. डोंगरउतार कापण्यासाठी किंवा सखल जमीन भरण्यासाठी गोवा नगर व ग्राम नियोजन कायद्याच्या कलम १७-अ खालील पूर्वपरवानगी त्याने मिळत नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. कलम १७-अ ची परवानगी अगोदरच घेतलेली आहे. दर सोमवारी अहवालासह तपासणी करू, आणि झड लागल्यास सुपरवायझरने रोज सकाळी व्हाळाकडची कड पाहून वहीत नोंद करावी, असे ठरवले आहे. व्हाळाच्या बाजूस कातळच असल्यामुळे तेथे कापड न लावता गोण्याच रचू.