मुलाचा सीआरपी ४.८ आलाय, रक्तवाहिन्या बिघडायला लागल्यात का?

टाइपवनची आई
मुलगा १७ वर्षांचा, टाइप १ मधुमेह होऊन ८ वर्षं झाली. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१. या वेळी मोठं पॅकेज केलं, त्यात एचएस-सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) ४.८ आलंय आणि शेजारी 'हाय रिस्क' छापलंय. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यातली आहे, तोवर झोप लागेल असं वाटत नाही. रक्तवाहिन्यांना आतून सूज आली की हे वाढतं म्हणे?

२७ वर्षं इन्सुलिनवर
ताई, रक्त दिलं तेव्हा त्याला सर्दी, ताप, दाढदुखी असं काही होतं का? सीआरपी यकृतात तयार होतं आणि शरीरात कुठेही दाह असला तरी वाढतं. टाइप १ मध्ये रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर परिणाम होतो, तो बघायला संशोधक सीआरपी, आयकॅम-१, टीएनएफ रिसेप्टर असे दाहाशी संबंधित रक्तातले पदार्थ मोजतात, हे खरं. पण शेकडो रुग्णांच्या अभ्यासात जे दिसतं, ते एका मुलाच्या एका रिपोर्टवरून ठरवता येत नाही.

मला तुमच्या पोस्टमधल्या ८.१ची जास्त काळजी वाटली. डीसीसीटी या टाइप १च्या मोठ्या अभ्यासात (१९८३ ते १९९३, १४४१ रुग्ण) ज्यांनी साखर काटेकोर सांभाळली, त्यांच्यात डोळ्यांच्या पडद्याचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला.

आणि लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो कुठाय? मूत्रपिंडातून प्रथिन गळतंय का ते त्यावरून कळतं. तो ३० मिग्रॅ/ग्रॅमच्या आत हवा. आजाराच्या १४व्या वर्षी माझा ४६ आला. आदल्या दिवशी मी खूप पळालो होतो, म्हणून डॉक्टरांनी पुढच्या ३ महिन्यांत आणखी दोनदा तपासला: ४१, मग ३८. तेव्हा कुठे रामिप्रिल (मूत्रपिंड जपणारी रक्तदाबाची गोळी) सुरू केली. मूत्रपिंडासाठी नेहमी बघतात ते रक्तातलं क्रिएटिनिन त्या वेळी अगदी नॉर्मल होतं! आज रेशो १८ आहे. ती लघवीची तपासणी झाली नसती तर मला पत्ताच लागला नसता.

लॅबमधला
रेशोसाठी सकाळची पहिली लघवी द्या, तापात नको. सीआरपी बरं वाटल्यावर दोनेक आठवड्यांनी परत करा. हिमोग्लोबिनही बघून घ्या, लोह कमी असलं तर एचबीए१सी खोटा वाढलेला दिसू शकतो.

टाइपवनची आई
दाढ! रक्त दिलं त्या आठवड्यात गाल सुजला होता त्याचा, मी ते धरलंच नाही. हिमोग्लोबिन १४.२ आहे, म्हणजे ८.१ खराच असावा. रेशो आठ वर्षांत एकदाही केलेला नाही, कुणी सांगितलंच नाही. उद्या सकाळचा नमुना नेऊन देते.