ओळीवरून नको, चित्रावरून शोधा

लहानपणीचं पिना मारलेलं, आडवं बडबडगीतांचं पुस्तक शोधताय आणि त्यातली ‘अडगुलं मडगुलं’ ही ओळच तेवढी आठवतेय? नुसत्या त्या ओळीवरून ते सापडायचं नाही हो. ही लोकगाणी, कुणाच्या मालकीची नाहीत, त्यामुळे ज्याला त्याला छापता आली. त्यापेक्षा शेजारच्या पानावर कसलं चित्र होतं ते आठवा. मलपृष्ठावरची किंमत आठवली तर उत्तमच, त्यावरून काळाचा अंदाज येतो.

आणि ते नक्की बडबडगीतांचंच पुस्तक होतं ना? मी असंच एक पुस्तक शोधत दोन वर्षं पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकवाल्यांचं डोकं खाल्लं. शेवटी आई म्हणाली, “अरे, ते तुझं पहिलीचं पुस्तक!” बालभारती १९६७ साली सुरू झाली आणि त्यांची बरीच जुनी पुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये आहेत. आधी तिथे बघा, फुकट आहे.

नाहीतर गावातलं जुनं वाचनालय. बालविभागात सगळ्यात खालचा कप्पा, मांडी घालून बसायची तयारी ठेवा. आमच्याकडे मात्र फाटकी पुस्तकं ‘रद्द’चा शिक्का मारून रद्दीत घातली. वाचनालयातल्या ताईंना विचारलं तर म्हणाल्या, “पोरांनी चघळलेली होती ती!” माझ्या प्रतीचाही एक कोपरा चघळलेलाच होता.